ढब्बूची मैत्रीण

ढब्बू वर्षभरात एकदाही धावला नव्हता. त्यामुळं त्या शनिवारी, कार्प गावाच्या पुढच्या कच्च्या रस्त्यावर, त्यानं अचानक कान टवकारले आणि गौरांगीच्या हातातला पट्टा हिसकून मक्याच्या शेताकडे धूम ठोकली, तेव्हा ती क्षणभर नुसती बघतच राहिली. हा... पळतोय? आपला ढब्बू?

मग ती भानावर आली. "ढब्बू! अरे ए ढब्बू... थांब!"

सप्टेंबरचे शेवटचे दिवस होते. बारीक भुरभुर चालली होती, छत्री उघडावी की नाही असा प्रश्न पडावा इतकीच. मका पिवळा पडत आला होता आणि वाऱ्यावर त्याची पानं कागदासारखी कुरकुरत होती. गौरांगी बुटांनी चिखल उडवत धावली आणि वळणावर येऊन थबकली.

मक्याच्या दोन ओळींमधून एक काळी-पांढरी कुत्री बाहेर आली होती. अंगानं सडसडीत, डोळ्यांत खट्याळपणा, आणि पाय तीन. पुढचा डावा पाय नव्हताच. पण तिला स्वतःला त्याचं काही वाटत असावं असं दिसत नव्हतं. टुणकन एक उडी मारून ती ढब्बूसमोर उभी राहिली. ढब्बूनं तिचा वास घेतला. तिनं ढब्बूचा घेतला. मग तिनं छाती जमिनीला टेकवली, शेपूट वर केली आणि एक छोटंसं भुंकली. येतोस का खेळायला?

आणि ढब्बू, तो थुलथुलीत पोटाचा, पिवळा, सुस्त लॅब्रॅडॉर, तिच्या मागं गोल गोल पळू लागला!

गौरांगीला हसावं की रडावं कळेना. ढब्बू तिचा नव्हताच. तो पद्मजाकाकूंचा, खरं तर त्यांच्या यजमानांचा, शरदचंद्रकाकांचा. गौरांगी मूळची नागपूरची. मॉन्ट्रियलपासून दोन तासांवरच्या कनाटा उपनगरातल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हणून आली, ती तीन वर्षं काकूंच्या बेसमेंटमध्ये भाड्यानं राहत होती. गेल्या वर्षी पानगळीत काका गेले, आणि ढब्बू दाराशी जाऊन बसला तो बसलाच. खाणं अर्ध्यावर आलं, चेंडूकडे बघणं बंद झालं. दुसरं कुत्रं दिसलं की मान फिरवायचा. काकू स्वतः डॉक्टर होत्या, आता निवृत्त. "याला आजार नाही गं," त्या म्हणायच्या, "याला आठवण आहे. तिच्यावर औषध नाही." काकूंचे गुडघे कुरकुरायचे, म्हणून शनिवारी त्याला गाडीत घालून शहराबाहेर फिरवून आणायचं काम गौरांगीनं आपणहून अंगावर घेतलं होतं.

"सॉरी! सॉरी! शी इज फ्रेंडली!" मक्यातून आवाज आला आणि मागोमाग एक उंच तरुण बाहेर पडला. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, केसांत गवताची काडी आणि अंगाला गोठ्याचा वास. "चिमणे! ए चिमणे, बास झालं गं!"

गौरांगीच्या भुवया वर गेल्या. "चिमणे? ...तुम्ही मराठी?"

त्याचा चेहरा उजळला. "अगोबाई!" तो म्हणाला. "हो, मी मराठी आहे! मी इथंच राहते. त्या लाल बार्नच्या, मोठ्या गोठ्याच्या मागं. आत्ता एक गाय बघायला गेले होते."

गौरांगीनं ओठ घट्ट मिटले. पण सहा फुटांचा माणूस, हातभर रबरी बूट आणि 'गेले होते'... तिला आवरेना. ती अशी खळखळून हसली की दोन्ही कुत्री खेळ थांबवून तिच्याकडे बघायला लागली.

"काय चुकलं?" त्यानं भाबडेपणानं विचारलं.

"काही नाही... म्हणजे... मराठी कुणाकडून शिकलात?"

"आजीकडून. मॉन्ट्रियलला. आई-बाबा कामावर जायचे, मग मी आणि आजी, दिवसभर."

"तरीच! तुम्ही बायकांचं मराठी बोलताय. 'गेलो होतो' म्हणायचं. 'राहतो' म्हणायचं."

तो कानापर्यंत लाल झाला. "म्हणजे सत्तावीस वर्षं... आणि मला कुणी सांगितलं नाही?"

"गोड वाटत असेल त्यांना," गौरांगी बोलून गेली, आणि मग आपण काय बोललो हे कळून तिनं पटकन पट्टा शोधायला मान खाली घातली.

त्याचं नाव तनय. तो गाई-घोड्यांचा डॉक्टर होता. आसपासच्या गोठ्यांमधून दिवसभर त्याचा ट्रक फिरायचा. चिमणी एका शेतकऱ्याची. गवत कापायच्या यंत्रात तिचा पाय गेला, तनयनं तिला वाचवलं आणि मग ती त्याचीच झाली. उड्या मारत चालते म्हणून चिमणी.

"पुढच्या शनिवारी..." निरोप घेताना तो म्हणाला, "म्हणजे चिमणी विचारतेय, ढब्बू येणार का?"

"ढब्बूला विचारून सांगते," गौरांगी म्हणाली.

ढब्बू शेपूट हलवत होता. वर्षभरानं.

त्या संध्याकाळी त्यानं ताट चाटून पुसून साफ केलं. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून बघत राहिल्या. मग चष्मा काढून पदरानं नव्हे, स्वेटरच्या बाहीनं पुसला आणि म्हणाल्या, "कोण भेटलं गं याला?"

"एक मैत्रीण," गौरांगी म्हणाली.

"आणि तुला?"

"इश्श, काकू!"

*

मग शनिवार यायला लागले. म्हणजे ते आधीही यायचेच, पण आता त्यांची वाट बघितली जाऊ लागली.

ऑक्टोबरात मेपलची झाडं अशी पेटली की बघणाऱ्यानं डोळे किलकिले करावेत. हिरवं, पिवळं, शेंदरी, आणि मग एका रात्रीत लालभडक. रस्त्यावर पानांचा पायघड्यांसारखा थर. त्यावरून चिमणी टुणटुणत पुढं, ढब्बू धापा टाकत तिच्या मागं, आणि त्यांच्याही मागं, मुद्दाम हळूहळू चालणारी दोन माणसं. आभाळातून बदकांच्या रांगा कलकलाट करत दक्षिणेकडे निघाल्या होत्या. गौरांगी मान वर करून बघत राहायची आणि तनय तिच्याकडे. तिनं मान वळवली की तो घाईघाईनं ढगांकडे बघायचा.

"आज काय शिकवणार?" तो विचारायचा.

"म्हणून दाखव. मी रोज गोठ्यात..."

"जातो. मी रोज गोठ्यात जातो. मी गाईला इंजेक्शन देतो. मी शनिवारची वाट बघतो." मग थांबून, "बरोबर आहे?"

"व्याकरण बरोबर आहे," ती म्हणायची. आणि पायाखालची पानं उगाच उडवत चालायची.

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही. एकदा वाटेतल्या ओढ्यावर ढब्बू अडला. लाकडाच्या अरुंद साकवावर पाय ठेवायला तो तयारच होईना. चिमणी पलीकडे गेली, वळून बघितलं, परत आली, आणि त्याच्या अंगाला अंग घासत त्याच्याबरोबर एकेक पाऊल टाकत त्याला पलीकडे घेऊन गेली. तीन पायांची ती, चार पायांच्या त्याला सांभाळत.

"बघ," तनय हळूच म्हणाला, "ओढत नाही त्याला. नुसती बरोबर चालते."

पलीकडे गेल्यावर ते ओंडक्यावर बसले. थर्मासमधला चहा एकाच झाकणातून आळीपाळीनं पीत असताना तो आईबद्दल बोलला. "आई पुण्यात कॉलेजात फिजिक्स शिकवायची. बाबांना मॉन्ट्रियलला नोकरी लागली, तर ती आली. मग इथं... फ्रेंच येईना, मग मी झालो, मग मिळेल ते काम केलं, शिकवणं मात्र राहिलंच. ती कधी तक्रार करत नाही. पण दर सप्टेंबरात शाळा सुरू झाल्या की खिडकीशी उभी राहून दप्तरवाली मुलं बघत बसते. मी लहानपणी ठरवलं होतं, माझ्यामुळं कुणाला असं खिडकीशी उभं राहायला लागू नये."

झाकणातला शेवटचा घोट गौरांगीनं त्याला दिला. त्याची बोटं तिच्या बोटांना लागली, आणि दोघांनीही ती उचलायची घाई केली नाही.

*

नोव्हेंबरात दोन गोष्टी लागोपाठ घडल्या.

काकूंनी एका संध्याकाळी तिला वर चहाला बोलावलं. "परीक्षित म्हणतोय, आई, आता एकटी राहू नकोस, व्हिटबीला आमच्याकडे ये. घर विकायला काढतेय, गौरांगी. जिना चढवत नाही आता." मग त्यांनी ढब्बूच्या डोक्यावर हात ठेवला. "पण याला नेता येत नाही गं. नातीला कुत्र्याच्या केसांनी दम लागतो. याचं काय करायचं, तेवढं सुचत नाही."

आणि त्याच आठवड्यात गौरांगीला साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. तीन हजार किलोमीटर लांबच्या एडमंटनच्या ऑफिसात नवी टीम उभी करायची होती. टीम लीड ती. फेब्रुवारीपासून. या संधीसाठीच तर ती नागपूर सोडून आली होती, रात्र रात्र जागली होती. ती "थँक यू" म्हणाली, हसली, आणि वॉशरूममध्ये जाऊन आरशात स्वतःकडे बघत राहिली. इतका आनंद व्हायला हवा होता. मग तो होत का नाहीये?

त्या शनिवारी तनय रस्त्यावर नव्हता. त्याचा फोन आला, "गाय अडली आहे. लाल बार्नमध्ये आहे. येतेस?"

बार्नमध्ये उबदार, दाट अंधार होता. गवताचा, दुधाचा आणि जनावरांच्या श्वासाचा. तनय बाह्या वर करून गुडघ्यांवर बसला होता. "वासरू उलटं आहे. आधी मागचे पाय येतायत. तू तिचं डोकं धर. बोलत राहा तिच्याशी."

"काय बोलू?"

"काहीही. तुझा आवाज चालेल तिला. कुणालाही चालेल."

मग गौरांगी त्या भल्या मोठ्या गाईच्या कानाशी लागून बोलत राहिली. "झालं हं बाई, झालं... थोडंच राहिलंय..." आणि तनय दोरी धरून कळेच्या लयीत ओढत राहिला. त्याचं कपाळ घामानं भिजलं. मग एकदम, काही कळायच्या आत, ते ओलं, वाफाळतं वासरू गवतावर घसरून पडलं. तनयनं त्याचं नाक पुसलं, गवताच्या काडीनं गुदगुल्या केल्या. एक क्षण... दोन... आणि वासरू शिंकलं.

गौरांगीच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. कोपऱ्यात गवताच्या ढिगावर ढब्बू चिमणीच्या पाठीवर हनुवटी ठेवून झोपला होता. सगळं जग त्या बार्नएवढंच असतं तर किती बरं झालं असतं, असं तिला वाटलं. आणि म्हणूनच तिच्यानं लपवून ठेवणं झालं नाही.

"तनय... माझी एडमंटनला बदली होतेय. फेब्रुवारीत."

तो बादलीत हात धूत होता. पाण्यातले हात थांबले. "चांगली पोस्ट?"

"टीम लीड."

"हेच तुला हवं होतं ना?"

"हो." मग घाईघाईनं, "आणि काकू व्हिटबीला चालल्यात. ढब्बूला नेता येत नाही त्यांना."

त्यानं हात बाहेर काढून झटकले. मग म्हणाला, "ढब्बू माझ्याकडे राहील. काकूंना सांग. तू... तू निश्चिंत जा."

निश्चिंत जा! बस, एवढंच? परतताना पहिला बर्फ पडू लागला. गाडीच्या काचेवर पांढरे कण येऊन विरघळत होते. मागच्या सीटवर ढब्बू निवांत घोरत होता आणि गौरांगी स्टीअरिंग घट्ट धरून स्वतःला समजावत होती. त्यानं कशाला थांबवावं? तो कोण आपला? शनिवारचा सोबती. एवढंच.

*

त्यानंतरचे शनिवार आले, पण ते पहिल्यासारखे नव्हते. दोघं हवेबद्दल बोलायचे, विंटर टायर्सबद्दल बोलायचे. एडमंटनबद्दल कुणीच बोलायचं नाही.

जानेवारीच्या शेवटी घर रिकामं झालं. ढब्बूला पोचवायचा दिवस आला. काकू गुडघे दुखत असूनही पायरीवर बसल्या. ढब्बूचा कान हातात घेऊन त्यांनी हळूहळू कुरवाळला. "जा बाबा. नीट राहा. काकांनी जीव लावला तुला, मीही लावला. आता तिथं लाव." मग त्यांनी काकांचा जुना निळा स्वेटर घडी करून गौरांगीच्या हातात दिला. ढब्बू त्याच्यावरच झोपायचा.

गौरांगी निघणार, तेवढ्यात काकू म्हणाल्या, "तू तनयला विचारलंस?"

"काय?"

"मी जाणं नको आहे का तुला, असं."

"काकू! असं कुणी विचारतं का?"

"मग त्यानं तरी कसं विचारावं?" काकू शांतपणे म्हणाल्या. "चाळीस वर्षं पेशंट बघितले मी. जे दुखतं तेच माणसं शेवटी सांगतात. निघता निघता, दाराच्या मुठीवर हात ठेवून."

सबंध रस्ता गौरांगी मनातल्या मनात ते वाक्य घोकत होती. शेतं पांढरीशुभ्र झाली होती. कुंपणांची नुसती टोकं दिसत होती. तनयच्या दारात ती पोचली तेव्हा ऊन इतकं लख्ख होतं की बर्फातून निळा रंग फुटत होता.

चिमणी झेपावत आली. ढब्बूनं गाडीतून उडी मारली, आणि दोघं बर्फात लोळत, एकमेकांच्या माना तोंडात धरत, अंगणभर धावत सुटले. त्यानं मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. गौरांगीला बरं वाटलं, आणि आतून काहीतरी तुटलंही. तिनं स्वेटर तनयच्या हातात दिला. "याच्यावर झोपतो. सकाळी कोमट पाणी लागतं. फटाक्यांना घाबरतो."

"बरं."

"मग... निघते मी."

"जपून जा. रस्ता निसरडा आहे."

बस. ती गाडीत बसली. गाडी सुरू केली, मागं घेतली, आणि चाकं जागच्या जागी गरागरा फिरू लागली. पुन्हा. पुन्हा. गाडी आणखीच रुतली. तनय फावडं घेऊन आला आणि चाकांभोवतीचा बर्फ उपसू लागला. तो खाली वाकलेला, टोपीवर बर्फाचे कण, श्वासाची वाफ...

दाराच्या मुठीवर तिचा हात होता.

तिनं काच खाली केली. "तनय. मी जाणं... नको आहे का तुला?"

फावडं थांबलं. तो सरळ झाला. इतका वेळ बर्फाकडे असलेले त्याचे डोळे तिच्याकडे वळले, आणि त्यांत जे होतं ते बघून गौरांगीनं गाडी बंद केली.

"नको आहे," तो म्हणाला. "रोज सकाळी उठतो तेव्हापासून नको आहे. पण 'थांब' असं मी तुला कधीच म्हणणार नाही, गौरांगी. तुला खिडकीशी उभं राहिलेलं मला बघवणार नाही."

"म्हणून निश्चिंत जा म्हणालास?"

"म्हणून." त्यानं फावडं बर्फात रोवलं. हातमोजे काढले, पुन्हा घातले. "आणि... त्याच्या दुसऱ्या दिवशी मी एक फोन केला. लेड्यूकला. एडमंटनच्या अलीकडेच आहे ते. तिथं गाईगुरांच्या दवाखान्यात डॉक्टर हवाय. मे महिन्यापासून."

गौरांगी खिडकीतून बाहेर झुकली. "दुसऱ्या दिवशी? नोव्हेंबरात? आणि दोन महिने गप्प बसलास?"

"मला वाटलं, तू म्हणशील, हा मागं मागं कशाला येतोय. तुला हवा असेन की नाही, ते माहीतच नव्हतं मला. गाय कुठं दुखतंय ते दाखवते तरी. तू... तू तर हवेबद्दल बोलायचीस!"

"तू टायर्सबद्दल बोलायचास!"

दोघंही एकदम हसले. आणि मग हसता हसता दोघांचेही डोळे भरून आले. त्यानं खिडकीवर हात टेकला. त्याचा आवाज अगदी खाली गेला. "मी येऊ का तुझ्याबरोबर? लगेच नाही. बर्फ वितळला की. या दोघांना मागच्या सीटवर घालून, सगळा देश ओलांडून... येऊ?"

"तिथं उणे पस्तीस असतं म्हणे."

"गाई असतात ना?"

"माणसांपेक्षा जास्त आहेत."

"मग झालं तर."

गौरांगीनं दार उघडलं. पाय बाहेर टाकला तर तो थेट गुडघ्यापर्यंत आत गेला. बुटात बर्फ शिरला, ती कोलमडली, आणि त्यानं तिला धरलं. धरलं ते सोडलं नाही. त्याच्या कोटाला गवताचा वास येत होता. थंडीनं गार पडलेला त्याचा गाल तिच्या कपाळाला लागला आणि हळूहळू ऊबदार झाला.

"ये," ती त्याच्या गळपट्ट्यात तोंड लपवून म्हणाली. "ये ना. मला एकटीला तिथं... नाही करमायचं."

ढब्बू आणि चिमणी धावत आले, दोघांच्या पायांत घुसले आणि चौघंही बर्फात पडता पडता वाचले. मग तनय म्हणाला, आत चल, चहा टाकतो, तुझे बूट वाळवू. त्याच्या हाताला धरून ती घराकडे निघाली. गाडी तशीच अंगणात रुतलेली राहिली. ती बाहेर काढायची आता कुणालाच घाई नव्हती.